टाळेबंदीनं झाकलेले आजार आणि आपल्या वस्त्या

(सावित्रीमाई फुले यांच्या स्मृतिदिनी, १० मार्च २०२३ रोजी, कोलकात्यात बागबाजार इथं मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



घरापासून दोन हजार किलोमीटरवर एवढे मराठी चेहरे एका खोलीत दिसले की बरं वाटतं. इथं कोणी नर्सिंगला आहे, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी एम. ए. करतंय. आणि मघाशी ओळख करून घेताना कळलं की बहुतेकांच्या घरात पदवी घेतलेलं पहिलं माणूस म्हणजे तुम्हीच. माझंही तसंच आहे. बंगाल तसा आपल्याला परका नाही. १९४६ साली बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले ते इथूनच, आणि जोगेंद्रनाथ मंडलांनी त्यासाठी काय काय केलं ते तुम्हाला माहीत आहे.

आज सावित्रीमाईंचा स्मृतिदिन. त्या प्लेगनं गेल्या, १० मार्च १८९७ ला. आणि आपण बसलोय बागबाजारात. पुण्यानंतर दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, या बागबाजारातल्या वस्त्यांमध्ये प्लेग होता. म्हणून मी आज साथीबद्दल बोलणार आहे. पण नुसतं प्लेगबद्दल नाही आणि नुसतं कोरोनाबद्दलही नाही. एका साथीसाठी सगळं बंद केलं, तेव्हा बाकीच्या आजारांचं काय झालं, हा माझा विषय आहे. टाळेबंदीवर तीन वर्षांत खूप बोललं गेलं. चालत निघालेल्या मजुरांवर बोललं गेलं, ते बोलायलाच हवं होतं. औरंगाबादजवळ ८ मे २०२० च्या पहाटे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ते आपण विसरणार नाही. पण काही माणसं रस्त्यावर दिसलीच नाहीत. ती घरातच खोकत राहिली. त्यांच्याबद्दल कमी बोललं गेलं.

आधी थोडा इतिहास सांगतो.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेग आला. सरकार घाबरलं. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. मूळ कायदा फक्त चार कलमांचा. सरकार काय काय करू शकतं, न ऐकणाऱ्याला शिक्षा काय, आणि अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण कसं, हे त्यात आहे. आजारी माणसाला औषध मिळालं पाहिजे, अन्न मिळालं पाहिजे, त्याचा बुडालेला रोज मिळाला पाहिजे, असं त्यात एक अक्षर नाही. २०२० च्या मार्चमध्ये राज्याराज्यांनी जो कायदा बाहेर काढला, तो हाच. म्हणजे १२३ वर्षं जुना.

सावित्रीमाई गेल्या त्याच मार्च महिन्यात रँडच्या प्लेग कमिटीचं काम पुण्यात सुरू झालं. सोल्जर घरात शिरायचे, झडती घ्यायचे, आजारी माणसाला उचलून न्यायचे. मग लोक काय करायला लागले? आजारी लपवायला लागले. मेलेलं माणूससुद्धा लपवायला लागले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. ती गोष्ट आपल्याला शाळेत शिकवली.

पण त्याच वेळी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला, ससाण्यांच्या मळ्यात, डॉ. यशवंत फुल्यांनी दवाखाना उघडला होता. सावित्रीमाई तिथं रोगी आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यात त्यांना लागण झाली आणि त्या गेल्या. पुढं १९०५ साली यशवंतही प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच गेले. ही गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नाही. मी ती जयंतीच्या मंडपात ऐकली.

दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या, एकाच वर्षातल्या. झडतीची माणसं घरात शिरत होती ती रोगी पकडायला. सावित्रीमाई महारवाड्यात गेल्या त्या रोगी वाचवायला. सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हा फरक सांगतो.

आता इथं या. कोलकात्यात १८९८ च्या उन्हाळ्यात प्लेग आला. जबरदस्तीनं टोचणार अशी अफवा उठली, दंगे झाले, हजारो लोक शहर सोडून पळाले. पुढच्या वर्षी परत साथ आली, तेव्हा ३१ मार्च १८९९ पासून रामकृष्ण मिशननं वस्त्या साफ करायचं काम सुरू केलं. भगिनी निवेदिता त्याच्या सचिव होत्या आणि इथंच बोसपाडा लेनमध्ये राहत होत्या. त्यांनी स्वतः हातात झाडू घेतला. बागबाजारच्या एका वस्तीत, ओल्या झोपडीत, प्लेग झालेल्या पोराला त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, असं डॉ. राधागोविंद करांनी सांगून ठेवलंय. ते पोर वाचलं नाही. ज्यांच्या नावाचं आर. जी. कर हॉस्पिटल इथून जवळच आहे, तेच हे डॉक्टर.

निवेदितांच्या कामाबद्दल मला आदर आहे, तो मी मोकळेपणानं व्यक्त करतो. पण एक प्रश्नही विचारतो. निवेदितांनी झाडू घेतला ती बातमी झाली, कारण झाडू त्यांचा नव्हता. त्याच गल्लीत डोम, हाडी, मेहतर समाजाची माणसं रोज झाडत होती, मैला उचलत होती. प्लेगमध्येही उचलत होती. त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्ही-मी ऐकलंय का? मुंबईत तर १८९६ साली म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना मोठी धास्ती ही होती की हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यालायक उरणार नाही. म्हणजे शहराचं आरोग्य कोणाच्या हातात आहे, हे साहेबाला पक्कं माहीत होतं. मजुरी ठरवताना मात्र ते कोणाला आठवलं नाही.

हे मी का सांगतोय? कारण २०२० मध्ये तेच झालं. २२ मार्चला थाळ्या वाजल्या, ३ मे ला विमानातून फुलं पडली. माझी मावशी देवनारला कंत्राटी सफाईच्या कामावर होती. तिला पास मिळाला. गळ्यात अडकवायचा पास, त्यावर ‘अत्यावश्यक सेवा’ असं लिहिलेलं. मावशीला फेब्रुवारीपासून खोकला होता. संध्याकाळी अंग तापायचं, वजन उतरलं होतं. एप्रिलमध्ये ती एका दवाखान्यात गेली. बेडक्याची तपासणी सध्या बंद आहे, लॉकडाऊन उठल्यावर या, असं तिला सांगितलं. ती परत झाडायला गेली. मी फोनवर म्हटलं, मावशे, दुसरीकडं दाखव. ती म्हणाली, ‘खोकते म्हणून सांगितलं की उचलून सेंटरला नेतील रे बाबा. पंधरा दिवस रोज बुडंल. घरात कोण खाईल?’ तिचा टीबी सप्टेंबरात सापडला. तोवर तिच्या चार वर्षांच्या नातीलाही झाला होता. दोघी बऱ्या झाल्या, औषध पूर्ण केलं. पण ते पाच-सहा महिने कोणाच्या हिशोबात धरायचे, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. मावशीचा झाडू अत्यावश्यक होता, मावशीची तपासणी अत्यावश्यक नव्हती.

आणि बघा, १८९७ साली पुण्यात लोक आजारी लपवत होते, २०२० साली माझी मावशी खोकला लपवत होती. कारण दोन्ही वेळा एकच. आजार सांगितला तर मदत मिळेल असं वाटलं नाही. आपल्यालाच धरून नेतील, असं वाटलं.

आता मावशी ही एकटी गोष्ट आहे का? २०१९ मध्ये देशात टीबीच्या सुमारे २४ लाख रोग्यांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. एका वर्षात सहा लाख रोगी कमी! टीबी कमी झाला म्हणायचं का? नाही. टीबीचा जंतू हळू वाढतो, तो एका वर्षात असा गायब होत नाही. हे सहा लाख लोक होतेच, फक्त कोणी त्यांना शोधलं नाही. टीबी तपासणारी सीबीनॅट आणि ट्रूनॅट मशिनं कोरोनाच्या कामाला लागली. टीबीचे कर्मचारी कोरोनाच्या ड्युटीवर गेले. बस आणि लोकल बंद. खासगी डॉक्टरांचे दवाखाने बंद. जगभरात २०१९ मध्ये ७१ लाख नव्या रोग्यांचं निदान झालं होतं, २०२० मध्ये ५८ लाखांचं. या घटीत सर्वात मोठा वाटा भारताचा. आणि दहा वर्षांहून जास्त काळ दरवर्षी कमी होत आलेले टीबीचे मृत्यू २०२० मध्ये पहिल्यांदा वाढले. त्या वर्षी जगात सुमारे १५ लाख माणसं टीबीनं गेली.

टीबीचं गणित साधं आहे. औषध चालू झालं की काही आठवड्यांत रोग्याकडून लागण जवळजवळ थांबते. औषध नसेल तर तो शेजारच्याला देत राहतो. आणि टाळेबंदीत शेजारी कोण होतं? दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलेलं आख्खं घर. ना खिडकी, ना हवा. टीबी पसरायला याहून सोयीची जागा सांगा. त्यात रोज बुडालेला, खाणं कमी. उपाशी शरीरात टीबी लवकर उठतो. २०२० मध्ये सरकार टीबीच्या रोग्याला महिन्याला ५०० रुपये पोषणासाठी देत होतं, पण त्यासाठी आधी नोंद व्हावी लागायची. नोंदच नाही, तर पैसे कुठले?

दुसरा आजार गोवर. गोवराचा पहिला डोस नवव्या महिन्यात, दुसरा सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यात. २०१९ च्या पावसाळ्यात जन्मलेलं पोर एप्रिल २०२० च्या आसपास पहिल्या डोसचं झालं. तेव्हा लसीकरणाची सत्रं बंद पडली होती किंवा आई बाहेर पडायला घाबरत होती. भारतात २०१९ मध्ये त्रिगुणी लसीचा पहिला डोसही न मिळालेली मुलं १४ लाख होती. २०२० मध्ये ती ३० लाख झाली. गोवर इतका लागट आहे की तो रोखायला शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस लागते. थोडी फट पडली तरी तो आत घुसतो.

घुसला कुठं? २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुंबईच्या एम पूर्व वॉर्डात. गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी. मग भिवंडी, मालेगाव. मुंबईत संशयित धरून दहाच्या वर लेकरं गेली. एम पूर्व म्हणजे देवनारचं डम्पिंग ग्राउंड जिथं आहे तो वॉर्ड. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाला असलेला वॉर्ड. तिथं कोण राहतं? दलित, मुसलमान, शहरातून उठवून आणलेली माणसं. चॅनलवाले म्हणाले, हे लोक अडाणी आहेत, लस घेत नाहीत. काही घरांत भीती होती, मी नाकारत नाही. पण दोन वर्षं ज्या वस्तीत लसवाली ताई नियमित येऊ शकली नाही, तिथल्या आईला अडाणी म्हणायचा हक्क कोणाला आहे?

आता तुमच्यापैकी कोणी विचारेल, आणि विचारलंच पाहिजे, की मग टाळेबंदी करायचीच नव्हती का? माणसं मरत होती, दवाखान्यात खाटा नव्हत्या.

मी प्रामाणिकपणे सांगतो. गर्दी कमी करणं गरजेचं होतं. कोरोना खोटा होता असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, माझ्या ओळखीची माणसं गेलीत. मास्क आणि अंतर याचा फायदाही झाला. २०२०-२१ मध्ये फ्लू जगभरात जवळजवळ दिसेनासा झाला. फ्लूच्या ‘बी यामागाता’ या प्रकाराची तर मार्च २०२० नंतर खात्रीलायक नोंदच नाही. म्हणजे काही आजार अशा उपायांनी दबतात. पण सगळे दबत नाहीत. सिंगापूरसारख्या श्रीमंत शहरात २०२० मध्ये डेंग्यूचे ३५ हजारांवर रुग्ण झाले, तोवरचा विक्रम. एक कारण असं दिलं गेलं की डेंग्यूचा डास दिवसा आणि घराच्या आसपास चावतो, आणि माणसं दिवसभर घरातच होती. प्रत्येक आजाराची वाट वेगळी. एकाची वाट अडवली की दुसऱ्याची आपोआप अडत नाही, कधी उलट मोकळी होते.

आणि हे आधी माहीत नव्हतं असंही नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४ ते २०१६ मध्ये इबोला आला. त्यात ११ हजारांवर माणसं गेली. नंतर अभ्यासकांनी अंदाज काढला, की दवाखाने कोलमडल्यामुळे मलेरिया, एचआयव्ही आणि टीबीनं जवळजवळ तेवढीच जास्तीची माणसं गेली. हा धडा ताजा होता. तरी २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा झाली आणि बाराला देश बंद. चार तास. एवढ्या वेळात टीबीच्या रोग्याच्या हातात दोन महिन्यांच्या गोळ्या कशा पडणार?

आणि ज्या कोरोनासाठी हे केलं, तो तरी वस्तीबाहेर राहिला का? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासून सर्वेक्षण झालं. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेलेली, बाकीच्या इमारतींत १६ टक्के. शंभर माणसांत एक संडास असेल तर घरात बसा या सांगण्याला अर्थ काय? टाळेबंदी ही ज्यांच्याकडं घर आहे, नळ आहे, साठवलेला पैसा आहे, त्यांच्या मापानं शिवलेली होती. आम्हाला ती झाली नाही.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात निबंध वाचला, त्यात जात म्हणजे दारं लावून घेतलेला वर्ग, असं मांडलं. एकानं आतून दार लावलं की दुसरा आपोआप बाहेर राहतो. मला टाळेबंदीत तो निबंध फार आठवला. सोसायट्यांनी गेट लावून घेतली. ते आत सुरक्षित राहिले, कारण बाहेरून कोणीतरी भाजी आणत होतं, कचरा नेत होतं, प्रेतं जाळत होतं. ते कोणीतरी कोण, हे इथं सांगायची गरज नाही.

मग काय करता आलं असतं? धारावीत १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला. तिथं नुसती नाकाबंदी करून भागणार नाही हे लवकर कळलं. डॉक्टर आणि आरोग्य सेविका दारोदार गेल्या, ताप शिबिरं लावली, संडास धुतले, जेवण पोहोचवलं. साथ आटोक्यात आली. माझं म्हणणं एवढंच आहे, की दारात गेलेली ताई ताप विचारते तेव्हा तिनं आणखी दोन प्रश्न विचारावेत. दोन आठवड्यांपासून खोकला आहे का? बाळाचं लसीचं कार्ड कुठं आहे? टीबी आणि कोरोना दोन्ही एकत्र तपासा, अशी सूचना केंद्राकडून ऑगस्ट २०२० मध्ये निघाली. तोवर पाच महिने गेले होते. आणि या ताईला मिळत काय होतं? आशा वर्करला कोरोनाच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला हजार रुपये. दिवसाला तेहतीस रुपये.

म्हणून पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ येणार आहे, आपली मागणी स्पष्ट हवी. काय बंद करणार ते सांगण्याआधी काय चालू ठेवणार ते सांगा. टीबीची तपासणी आणि औषध, लसीकरण, बाळंतपण, डायलिसिस, एचआयव्हीच्या गोळ्या, वस्तीतला डास मारणारा माणूस, हे सगळं चालू राहील याची यादी आधी आली पाहिजे. आणि सफाई कामगाराला पास देताना त्याच्या तपासणीची तारीख त्याच पासवर लिहिली पाहिजे.

हे मागायचं कोणी? आपल्या आईबापांना ही भाषा बोलता येत नव्हती. आपल्याला येते. अर्ज लिहिता येतो, माहिती अधिकार टाकता येतो, आकडा वाचून त्यातलं काय गळलंय ते ओळखता येतं. पदवीचा हा उपयोग मला सर्वांत जवळचा वाटतो.

एक छोटं काम सांगून थांबतो. या उन्हाळ्यात गावी, वस्तीत जाल. २०१९ ते २०२२ मध्ये जन्मलेल्या पोरांची लसीची कार्डं बघा. गोवराचा डोस राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत सरकारी दवाखान्यात फुकट देता येतो. कार्ड हरवलं असेल तरी घेऊन जा. गरिबाचा कागद हरवतोच. जानेवारी २०२१ मध्ये याच बागबाजारच्या वस्तीला आग लागली, शेकडो माणसांचं घर गेलं, तिथं कार्डं राहिली असतील का? आणि कोणी दोन आठवडे खोकत असेल तर त्याच्यासोबत तुम्ही स्वतः दवाखान्यात जा. एकट्याला परत पाठवतात. शिकलेलं माणूस सोबत असलं की पाठवत नाहीत, हा माझा अनुभव आहे. तसं असायला नको, पण आज तसं आहे.

सावित्रीमाई छासष्ट वर्षांच्या होत्या, तेव्हा त्यांनी ते पोर पाठीवर घेतलं. आपल्याला तर फक्त सोबत जायचंय.

जय ज्योती, जय सावित्री, जय भीम.